सीटवरचं पोतं

नवा ट्रॅक्टर घरी आला तेव्हा त्याच्याबरोबर एक जाडसर पुस्तक आलं. अण्णानं ते न उघडताच माझ्या हातात दिलं. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. "तू शिकलीस, तू वाच," एवढंच तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. आमच्या घरी कुठलाही छापील कागद आला की तो माझ्यासाठी बाजूला ठेवतात, मग ती लग्नपत्रिका असो की औषधाच्या बाटलीबरोबरची चिठ्ठी.

मी धारवाडला केलगेरीत खोली घेऊन राहते आणि एका हायस्कूलमध्ये गणित शिकवते. शनिवारी शाळा सकाळची असते. दुपारची बस धरली की चारच्या आत मी गावात असते. गाव अळणावरच्या अलीकडे, रानाच्या कडेला आहे. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेली मी पहिली. हे मी मिरवण्यासाठी सांगत नाही. पुढे जे झालं त्यात ह्या गोष्टीचा हात आहे, म्हणून सांगते.

ट्रॅक्टर छोटा होता. मोठ्या ट्रॅक्टरशेजारी उभा केला तर त्याच्या चाकाच्या वरपर्यंत जेमतेम यावा, एवढा. आमचे भाताचे तुकडे अरुंद, एकाखाली एक पायऱ्यांसारखे उतरत जाणारे. मोठा ट्रॅक्टर तिथं वळतच नाही. खंडेनवमीला त्याची पूजा झाली. मी आदल्या दिवशी सुभाष रोडवरून झेंडूच्या माळा आणल्या होत्या. चारी चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. आमच्या आईला आम्ही अव्वा म्हणतो. अव्वा हळदकुंकवाचं ताट घेऊन ट्रॅक्टरभोवती फिरत होती आणि जिथं जागा दिसेल तिथं बोट टेकत होती. मागच्या चाकावरच्या पत्र्याला एक पिवळं चित्र चिकटवलेलं होतं. काळा माणूस चाकाखाली आडवा पडलेला. अव्वा तिथं थांबली.

"हा कोण गं?"

"कोणी नाही. सावध राहा म्हणून लावलंय."

"मग त्याला तोंड का नाही?"

अव्वानं त्याच्याही कपाळाच्या जागी कुंकू लावलं आणि पुढे गेली.

पुस्तक अर्धं इंग्रजी, अर्धं कन्नड होतं. मी ते परीक्षेच्या अभ्यासासारखं वाचलं, पेन्सिलीनं खुणा करत. पानापानावर तोंड नसलेला तो माणूस होता. कुठं त्याचा हात पट्ट्यात अडकलेला, कुठं तो उताराला ट्रॅक्टरखाली सापडलेला. रात्री खोलीवर एकटी वाचताना मी काही पानं पटकन उलटली, हे कबूल करते. पण बाकी सगळं समजून घेतलं. क्लच पूर्ण दाबल्याशिवाय इंजिन चालू होत नाही. ब्रेकचे पेडल दोन, डाव्या चाकाचा वेगळा, उजव्याचा वेगळा. रस्त्यावर ते कडीनं एकत्र जोडायचे, नाहीतर एकावरच पाय पडला तर ट्रॅक्टर जागच्या जागी फिरतो. पुढचा भाग हलका असल्यामुळे मागं जड ओढलं की तोंड उचलतो. हे सगळं मी अण्णाला चुलीपुढं बसून सांगितलं. तो भाकरी मोडत ऐकत होता.

"म्हणजे नव्या बैलासारखाच आहे की," तो म्हणाला. "एकेकाची एकेक खोड."

"बैल शिकतो अण्णा. हा शिकणार नाही. आपणच शिकायचं."

"मास्तरीणबाई," अव्वा म्हणाली, "त्याला आधी जेवू दे."

पहिल्याच रविवारी त्या ट्रॅक्टरची खरी खोड कळली. अण्णा वरच्या रिकाम्या तुकड्यात रोटाव्हेटर फिरवत होता. माती नीट भुगा होतेय का बघायला तो सीटवरून अर्धवट उठला, मान मागं वळवली, आणि इंजिन बंद पडलं. त्यानं परत चालू केलं. दहा-बारा पावलं गेला, परत उठला, परत बंद. त्या दुपारी ते अकरा वेळा बंद पडलं. मी बांधावर बसून मोजत होते.

अण्णाला बसून काम करायची सवयच नव्हती. बारा-तेरा वर्षांचा असल्यापासून तो कुळवावर उभा राहिलेला, नांगरामागं चाललेला. बसायचं ते जेवायला, एवढंच त्याला माहीत. अव्वा त्याला चिडवायची, "बसून खाणारे बघितले होते, बसून नांगरणारा आमच्याच घरात निघाला." तो हसायचा, पण सीटवर बसला की त्याची पाठ दुखायची आणि जीव मागं अडकलेला असायचा. मागं काय चाललंय ते न बघता पुढं जायचं, हे त्याला जमेना.

मी पुस्तकात शोधलं. सीटखाली एक बटण होतं. माणूस बसला की ते दाबलं जातं. गिअरमध्ये असताना माणूस उठला की ते सुटतं आणि इंजिन बंद होतं. चालवणारा खाली पडला तर ट्रॅक्टर त्याच्याशिवाय पुढं जाऊ नये, म्हणून केलेली ही सोय.

"म्हणजे मी बसलोय का नाही हे त्याला कळतं?" अण्णानं विचारलं.

"तू बसलायस ते नाही कळत. वजन कळतं."

"मी आहे का दुसरं कोण, ते?"

"ते नाही कळत. नुसतं वजन."

तो सीटकडं बघत राहिला. मी ते वाक्य तेव्हा अगदी शिक्षिकेच्या समाधानानं बोलले होते. अवघड गोष्ट सोपी करून सांगितली म्हणून मला बरं वाटलं होतं. आता ते वाक्य आठवलं की मला घोटभर पाणी प्यावं लागतं.

इथं मला थोडं मागं जावं लागेल.

नांगरट झाली की ढेकळं फोडायला आमच्याकडं शेतात फळी फिरवतात. चांगली रुंद, जाड लाकडाची फळी, दोन्ही टोकांना दोर. पूर्वी ती बैल ओढायचे. नुसती फळी ढेकळांवरून उड्या मारत जाते, म्हणून तिच्यावर वजन लागतं. दगड ठेवला तर घरंगळतो, आणि दगडाला कुठं उंचवटा आहे, कुठं खड्डा आहे ते दिसत नाही. माणूस बसला तर तो उंचवट्यावर पुढं रेलतो, खड्ड्यावर मागं सरतो, जमीन एकसारखी होते. लहानपणी मी ते वजन होते. मी फळीवर उकिडवी बसायची, हातात दोर, पुढं बैलांच्या शेपट्या. धूळ इतकी की दात करकर वाजायचे. मला ते फार आवडायचं. अप्पा, म्हणजे आमचे वडील, बैलांच्या बाजूनं चालत असायचे.

एकदा मी पुढच्या बाजूला पडले. बैलांच्या मागच्या पायांत आणि फळीच्या मध्ये. अप्पांनी वळून बघायच्या आधीच बैल थांबले होते. त्यांना कसं कळलं ते मला माहीत नाही. कदाचित दोराचा ओढा बदलला असेल. डावा बैल मागचा पाय वर उचलून तसाच उभा राहिलेला मला आठवतो, मी खालून सरकून बाहेर येईपर्यंत.

मी चौथीत असताना अप्पा वारले. अण्णा तेव्हा सातवीत होता. त्याचा पहिला नंबर यायचा, हे गावात अजून सांगतात. त्यानं त्या वर्षी शाळा सोडली आणि बैलांचा कासरा हातात घेतला. पुढं मला हायस्कूलसाठी धारवाडच्या वसतिगृहात घालायचं ठरलं तेव्हा नातेवाईक म्हणाले, मुलीला कशाला, घरात हात कमी होतील. अण्णा म्हणाला, "तिचं डोकं चालतं. जाऊ दे तिला." तो स्वतः पंधरा-सोळा वर्षांचा होता. मला बसमध्ये बसवून दिलं तेव्हा त्याच्या पायांना माती होती आणि तो कंडक्टरला परत परत सांगत होता, वसतिगृहापाशी उतरवा म्हणून. फळीवरची माझी जागा अव्वानं घेतली. तेव्हापासून ती तिचीच आहे. आज ती साठीच्या पुढं आहे, पण फळीवर चढून बसताना अजून कुणाचा हात धरत नाही.

म्हणून मी अण्णाला कधी उलटून बोलले नाही. बी.एससी. झाले, बी.एड. झाले, नोकरी लागली, तरी त्याच्यापुढं माझा आवाज आपोआप खाली जातो. वर्गात साठ मुलांपुढं चढणारा आवाज घरी येताना मी बसस्टॉपवरच ठेवून येते असं म्हटलं तरी चालेल.

दिवाळी झाली, भात कापून झालं. खालच्या तुकड्यांत हरभरा पेरायचा होता. जमिनीत ओल होती तोवर नांगरून, फळी मारून घ्यायची घाई होती. त्या शनिवारी मी बसमधून उतरले आणि घरी न जाता थेट शेताकडं निघाले. वाटेत सागाची झाडं लागतात, त्यांची पानं खाली पडलेली होती, पाय टाकला की मोठा आवाज व्हायचा. त्या आवाजातून मला ट्रॅक्टरचा आवाज येत होता. एकसारखा, हळू. त्यात चढउतार नव्हता. नेहमी अण्णा चालवत असला की वळणावर आवाज बदलतो, तो थांबला की बदलतो. हा आवाज बराच वेळ तसाच होता आणि मला का कोण जाणे चालायची घाई झाली.

बांधावर येऊन बघितलं तर ट्रॅक्टर चालत होता आणि त्याच्यावर कुणी नव्हतं.

म्हणजे पहिल्यांदा मला कुणीतरी बसल्यासारखं वाटलं. मग नीट दिसलं. सीटवर भाताचं अर्धं पोतं होतं. तोंड बांधलेलं, थोडं पुढं झुकलेलं, ट्रॅक्टर हलेल तसं हलणारं. मागं फळी. फळीवर अव्वा, पदर डोक्यावरून घेऊन कमरेला खोचलेला, दोन्ही हातांत दोर. आणि बाजूनं अण्णा चालत होता. हात मागं बांधून, अप्पा चालायचे तसा. मध्येच वाकून फळीपुढं अडकलेलं भाताचं मूळ काढून टाकायचा. ट्रॅक्टर वाकडा जायला लागला की बाजूनं हात घालून स्टिअरिंगला थोडं टोचायचा, परत चालायला लागायचा. सगळ्यात हळू गिअर होता, माणूस रमतगमत चालेल इतका. टोकाला आला की तो चालत्या ट्रॅक्टरवर चढायचा, मांडीनं पोतं सरकवून वळवायचा, आणि परत उतरायचा.

अण्णानं मला बघून हात वर केला. त्याच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी बऱ्याच वर्षांत बघितला नव्हता.

"बघ," तो ओरडून म्हणाला, "कसा चालायलाय. आता माणसाळला."

"पोतं कशाला?" मी विचारलं, जरी मला कळलं होतं.

"तूच सांगितलंस की. त्याला वजन लागतं म्हणून. दिलं वजन. आता तो खूश, मी खूश."

अव्वा फळीवरून म्हणाली, "तुझ्या अण्णापेक्षा पोतं बरं. गप बसतं."

दोघंही हसले. मीही हसले असणार.

ट्रॅक्टर माझ्यासमोरून गेला. इंजिनची गरम हवा पायांना लागली. पोत्याचं तोंड सुतळीनं बांधलेलं होतं आणि त्याची दोन टोकं कानांसारखी वर आली होती. अव्वाच्या पायाची बोटं फळीच्या पुढच्या कडेवर रोवलेली होती. तिच्यात आणि रोटाव्हेटर काढून ठेवलेल्या त्या ट्रॅक्टरच्या मागच्या लोखंडात दोन हातांचं अंतर असेल. मी ते अंतर डोळ्यांनी मोजलं. ती पुढं पडली तर अण्णाला ट्रॅक्टरपर्यंत जायला किती पावलं, वर चढायला किती वेळ, क्लच दाबायला किती, हेही मोजलं. गणित माझा विषय आहे. उत्तर आलं. ते उत्तर घेऊन मी बांधावर उभी राहिले.

रात्री जेवताना मी एवढंच विचारलं, "पोतं घसरत नाही का?"

"घसरलं की परवा एकदा. बांधाजवळ कलला आणि पोतं खाली. बंद पडला तिथंच." अण्णानं पाणी प्यायलं. "म्हणून आता दोरानं आवळून बांधलंय सीटला. आता नाही पडत."

घसरलं असतं तर ते बरं होतं, हे मला सांगायचं होतं. पोतं पडलं तरच तो थांबणार. तू त्याचं थांबणंच बांधून टाकलंस. हे सगळं वाक्य माझ्याकडं तयार होतं. रविवारी सकाळी दात घासताना मी ते तीन प्रकारे जुळवून बघितलं, एकदा विनोदानं, एकदा पुस्तकाचा हवाला देऊन, एकदा अव्वाच्या वयाचा विषय काढून. अण्णा गोठ्यात शेण काढत होता. त्यानं मला बघून विचारलं, "तुझ्या शाळेत यंदा दहावीचा निकाल कसा येईल गं?" आणि मग तो मला त्याच्या सातवीच्या गणिताच्या मास्तरांबद्दल सांगत बसला. ते फळ्यावर डाव्या हातानं वर्तुळ काढायचे, असं परकाराशिवाय, एका दमात. सांगताना त्यानं शेणाच्या हातानं हवेत वर्तुळ काढून दाखवलं.

ह्या माणसाला मी आता काय शिकवणार, असं मला वाटलं. हे कारण खरं आहे, पण ते पुरेसं नाही, हेही मला तेव्हा माहीत होतं.

संध्याकाळी त्यानं मला मोटरसायकलवरून स्टॉपवर सोडलं. पिशवीत भुईमुगाच्या शेंगा बांधून दिल्या. बस सुटेपर्यंत तो थांबला. खिडकीतून मी म्हणाले, "अण्णा, जपून." तो म्हणाला, "तू जप. शहरात राहतीस."

सोमवार गेला, मंगळवार गेला. वर्गात वेग आणि अंतराची गणितं चालू होती. एक मोटार अमुक वेगानं जाते, दुसरी तमुक वेगानं तिच्या मागून निघते, किती वेळानं गाठेल. मी फळ्यावर लिहिताना थांबले. एका मुलीनं विचारलं, "मिस, गाठणारच नाही असं उत्तर येऊ शकतं का?" मी म्हणाले, येऊ शकतं. मग पुढचं गणित घेतलं.

बुधवारी चौथ्या तासाला फोन आला. अण्णाचा फोन शाळेच्या वेळेत कधी येत नाही. मी वर्गाबाहेर येऊन उचलला.

"अव्वाला हुबळीला न्यायलोय," तो म्हणाला. "तू तिकडंच ये." आणि थोड्या वेळानं, "बोलायलीय ती. शुद्धीत आहे."

बसमध्ये मी मोजत राहिले. दोन हातांचं अंतर. पावलं. बोलतेय म्हणजे डोक्याला नाही. शुद्धीत आहे म्हणजे. नवलूरच्या पुढं बस बराच वेळ थांबली तेव्हा मी उतरून चालायला लागावं असं वाटलं. शेजारच्या बाईनं मला न विचारताच पाण्याची बाटली पुढं केली.

दवाखाना केशवापूरच्या बाजूला होता. अव्वा खाटेवर होती, डावा पाय गुडघ्याखाली लाकडाच्या पट्ट्यांत बांधलेला, केसांत अजून माती. मला बघताच तिनं पहिलं विचारलं, "जेवलीस?" अण्णा भिंतीला टेकून उभा होता. खाटेजवळ स्टूल रिकामं होतं. त्यावर तो बसला नव्हता.

काय झालं ते मला दोघांकडून तुकड्यातुकड्यानं कळलं. सकाळी अकराच्या सुमाराला ते सगळ्यात खालच्या तुकड्यात होते. त्याच्या पलीकडं बांध, बांधाच्या कमरेइतका खाली ओढा. फळीपुढं झाडाचं एक मोठं मूळ अडकलं. अण्णानं ते ओढून काढलं. मूळ जड होतं, म्हणून तो ते टाकायला बाजूच्या बांधापर्यंत गेला. पंधरा-वीस पावलं. वळून बघतो तर ट्रॅक्टर टोकाला पोचत आलेला.

"मग पळालास?" मी विचारलं.

अव्वाच म्हणाली, "पळाला की. पण आधी हाक मारली त्यानं."

"कुणाला?"

"होऽ होऽ करून. ट्रॅक्टरला."

बैलाला थांबवायची ती हाक. जन्मभर त्या हाकेला जनावरं थांबली होती. त्यानं दोनदा हाक मारली, आणि दुसरी हाक मारून होईपर्यंत तो उभाच होता, थांबेल म्हणून वाट बघत.

ट्रॅक्टर थांबला नाही. पुढची चाकं बांधावर चढली, तोंड वर झालं. पोतं बांधलेलं होतं, ते हललं नाही. मागची चाकं बांधावर गेली तशी फळी बांधाला भिडून उभी राहिली आणि अव्वा मागं फेकली गेली. मागं, म्हणून आज ती बोलतेय. पुढं पडली असती तर. हे वाक्य आम्ही तिघांपैकी कुणीच पूर्ण केलं नाही. उभी राहिलेली फळी मग आडवी झाली ती तिच्या नडगीवर. नंतर दोर तुटला आणि ट्रॅक्टर फळी तिथंच टाकून पलीकडं ओढ्यात उतरला. तिथंही तो चालतच होता. चाकं चिखलात फिरत होती. अण्णा आधी अव्वाकडं गेला, की आधी ट्रॅक्टर बंद केला, ते दोघांनाही नीट आठवत नव्हतं. अव्वा म्हणाली, तो तिच्याशेजारी बसून होता आणि पलीकडून इंजिनचा आवाज येत होता, बराच वेळ.

"ट्रॅक्टरला काय लागलं काय?" तिनं मला विचारलं.

"अव्वा, गप."

"नाही, नवा आहे म्हणून."

तेवढ्यात डॉक्टर आले. तरुण होते, हातात कागद. आमच्याकडं दवाखान्यात कन्नडच बोलायचं. त्यांनी पायाचा फोटो उजेडापुढं धरून बघितला, नडगीचं हाड दोन ठिकाणी मोडलंय, ऑपरेशन करून आत धातूची पट्टी बसवायला लागेल असं सांगितलं. मग विचारलं, हे कशानं झालं.

अव्वानं माझा हात धरला आणि मराठीत, हळू आवाजात म्हणाली, "बैल उधळला म्हण."

मला कळलं ती काय करतेय. बैल उधळला तर तो कुणाचाच दोष नसतो. आमच्या गोठ्यात आता दोन म्हशी होत्या, बैल नव्हते, पण हुबळीच्या डॉक्टरला ते कसं कळणार. तिनं माझ्याकडं बघितलं. ती नेहमी कागद माझ्याकडं देताना बघते तसंच. तू शिकलीस, तू सांग.

मी तोंड उघडलं, आणि माझ्या आधी अण्णा बोलला. भिंतीला टेकलेला तसाच.

"एत्तल्ल, सर्र. ट्रॅक्टर. म्याल यारू कुंतिद्दिल्ल."

बैल नव्हे. ट्रॅक्टर. वर कुणी बसलेलं नव्हतं.

डॉक्टरांनी कागदावरून मान वर केली. कुणीच नव्हतं म्हणजे, चालू कसा होता, त्यांनी विचारलं. अण्णानं पोत्याचं सांगितलं. दोरानं बांधल्याचंही सांगितलं. एकही गोष्ट गाळली नाही. सांगताना त्याचा आवाज मुलगा फळ्यासमोर उभा राहून चुकलेलं गणित परत वाचून दाखवतो तसा होता. डॉक्टर लिहीत गेले. अव्वानं डोळे मिटून घेतले होते, पण माझा हात सोडला नव्हता.

डॉक्टर गेल्यावर मी म्हणाले, "अण्णा, शनिवारी मी बघितलं होतं."

"माहितीय. बांधावर होतीस की."

"तसं नाही. मला कळलं होतं. पोतं बांधलंस म्हणालास तेव्हाच कळलं होतं काय होईल ते. मी मनात मोजलं होतं. तुला सांगितलं नाही."

बाहेर कुणीतरी स्ट्रेचर ढकलत नेत होतं, त्याचं एक चाक करकरत होतं. अव्वा जागी आहे हे आम्हा दोघांना माहीत होतं.

"का सांगितलं नाहीस?"

"तू मला शिकवलंस. तुला कसं शिकवू."

अण्णा पहिल्यांदा भिंतीपासून बाजूला झाला. त्यानं स्टूल पायानं ओढलं आणि त्यावर बसला. त्याचे पाय अजून चिखलाचे होते, वाळून पांढरे पडलेले.

"सांगितलं असतंस तर मी ऐकलं नसतं," तो म्हणाला. "हसलो असतो. तुला माहीतच होतं ते."

"हो."

"तरी सांगायचं होतंस." त्याचा आवाज चढला नव्हता. "मी शाळा सोडली ती तू गप बसावंस म्हणून नव्हे."

मला रडू आलं नाही. यायला हवं होतं. अव्वानं डोळे न उघडता विचारलं, "आता हरभऱ्याचं काय?" अण्णा म्हणाला, दगड बांधतो फळीवर. अव्वा म्हणाली, दगडाला काय कळतंय, उंचवटे तसेच राहतील. महिन्या-दोन महिन्यांत मी उठते, मग मी बसते, तोवर थांब.

अण्णानं माझ्याकडं बघितलं. तो मी बोलायची वाट बघत होता.

"नाही बसायचं, अव्वा," मी म्हणाले. आवाज माझ्या वर्गातला होता. शेजारच्या खाटेवरची बाई वळून बघायला लागली. "तू नाही, उद्या घरात सून आली तरी ती नाही, कुणीच नाही. आणि अण्णा, तो पोत्याचा दोर आज सोडायचा. सीटवर तू बसायचं. पाठ दुखली तरी बसायचं."

अव्वानं डोळे उघडले. ती माझ्याकडं असं बघत होती, जसं ओळखीच्या घरात अनोळखी कुणी दार उघडल्यावर बघतात. हात तिनं हळूच सोडवून घेतला आणि चादरीखाली नेला.

"बघू," ती म्हणाली.

अण्णा स्टुलावर बसूनच राहिला.